नाताळात नायगरा: सात तासांचा रस्ता, दोन दिवस

वॉशरच्या टाकीत पाणी बाबांनी भरलं होतं, सप्टेंबरात. चिपळूणहून आल्यावर आठवड्याभरातच त्यांनी गाडीचं बॉनेट उघडून सगळं तपासलं आणि ‘काच धुवायच्या निळ्या पाण्याला चार डॉलर कशाला’ म्हणत नळाचं पाणी ओतून टाकी काठोकाठ भरून ठेवली. मला त्याचा पत्ता लागला २५ डिसेंबरच्या सकाळी, पेनसिल्व्हेनियात आय-३८० महामार्गावर. पुढच्या ट्रकने मिठाच्या राडीचा फवारा काचेवर मारला, मी दांडी ओढली, मोटर घूं घूं करत राहिली आणि थेंबही आला नाही. वायपरने ती राड काचभर सारवली. पाच-सात सेकंद मी ताशी पन्नास मैलांनी जवळजवळ आंधळी गाडी चालवत होते.

तेव्हा पहिली सूचना हीच. निघायच्या आदल्या आठवड्यात वॉशरची टाकी रिकामी करून उणे २० फॅरनहाइट (उणे २९ सेल्सिअस) लिहिलेलं फ्लुइड भरा, आणि भरल्यावर दोन-चारदा फवारा उडवून ते नळीत आणि तोंडापर्यंत पोचलंय ना ते बघा. आमच्यासारखं गोठल्यावर दुकानातून बाटली आणून काही उपयोग नसतो, कारण ओतायला टाकीत जागा कुठे असते? पेट्रोल पंपावर गाडी अर्धा तास नुसती चालू ठेवली, इंजिनच्या उबेने थोडं सुटलं, तोवर काच कागदी टॉवेलने पुसली. बाबा गप्प बसून होते.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, आई आणि बाबा. न्यू जर्सीतलं आमचं एडिसन ते नायगरा साधारण ४०० मैल, कोरड्या रस्त्यावर सात तास. आय-२८७ वरून आय-८०, डेलावेअर वॉटर गॅपला नदी ओलांडून पोकोनोजच्या डोंगरांत, तिथून आय-३८० आणि आय-८१ ने स्क्रँटन, बिंगहॅम्टन, सिराक्यूज, आणि मग आय-९० ने पश्चिमेला बफेलो. नाताळच्या दिवशीच निघायचं कारण साधं. त्या दिवशी ट्रक कमी असतात आणि ऑफिसातून कुणी फोन करत नाही. रस्ता खरंच मोकळा होता. पण मोकळ्या रस्त्याची दुसरी बाजू म्हणजे गावातली बहुतेक दुकानं, हॉटेलं बंद. जेवणाचं बघून निघा. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं घेतलं होतं, तेव्हा मी ‘कशाला एवढं’ म्हणाले होते. रात्री ते शब्द मागे घ्यावे लागले.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट, तोही कोकणातल्या पावसाळ्यात. त्यामुळे ते पुढच्या सीटवर बसतात आणि त्यांचा उजवा पाय सतत नसलेल्या ब्रेकवर असतो. बर्फात त्यांचं निम्मं ज्ञान सोन्यासारखं कामाला आलं आणि निम्मं पार उलटं पडलं. भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवून इकडे आलेल्या प्रत्येकाचं असंच होत असावं, म्हणून दोन्ही निम्मे लिहिते.

सकाळी अंगणातच सुरुवात झाली. रात्री चारेक इंच बर्फ पडला होता. बाबा किटलीभर उकळतं पाणी घेऊन आले. गोठलेल्या काचेवर गरम पाणी ओतलं तर काच तडकू शकते, आणि नाही तडकली तरी ते पाणी मिनिटभरात पुन्हा गोठतं. ब्रश, खरवडणी आणि डीफ्रॉस्टर, एवढंच. काच झाली की गाडीचं छप्परसुद्धा साफ करा. न्यू जर्सीत तो कायदाच आहे. छपरावर बर्फ ठेवून निघालात तर कुणाला काही लागलं नाही तरी २५ ते ७५ डॉलर दंड होऊ शकतो. आय-८० वर एका व्हॅनच्या टपावरून दाराएवढा बर्फाचा पापुद्रा उडून आमच्या शेजारच्या लेनमध्ये फुटला, तेव्हा तो कायदा बाबांनाही पटला.

टायर मात्र आम्ही आधीच बदलले होते. ‘आमची ऑल-व्हील ड्राइव्ह आहे’ हे वाक्य प्रत्येक देशी पार्टीत ऐकू येतं. ऑल-व्हील ड्राइव्ह चारी चाकांना जोर देऊन गाडी जागची हलवायला मदत करते. थांबायचं काम टायरांचंच. साधं रबर थंडीत कडक होतं, विंटर टायरचं ७ अंश सेल्सिअसच्या खालीही मऊ राहतं. घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह बघा. नुसत्या ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो) अक्षरांवर जाऊ नका. नवीन घ्यायचे नसतील तर निदान क्वार्टरचं (पंचवीस सेंटचं) नाणं उलटं धरून खाचेत घालून बघा. वॉशिंग्टनच्या डोक्याचा वरचा भाग पूर्ण दिसत असेल तर बर्फात त्या टायरचा भरवसा नाही. आणि तापमान १० अंश फॅरनहाइटने उतरलं की हवा सुमारे एक पीएसआयने कमी होते, तेव्हा थंडीत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर दचकू नका, पण हवा भरा.

वॉटर गॅपपर्यंत रस्ता नुसता ओला होता. पुढे चढ लागतो, आणि गाडीतला तापमानाचा आकडा बघताबघता ३५ फॅरनहाइटवरून २८ वर आला. रस्ता दिसायला तसाच, काळा आणि ओला. एका पुलाच्या अलीकडे बाबा म्हणाले, “पुढच्याच्या चाकातून पाणी उडायचं का थांबलं गं?”

मी पाय उचलला. रस्ता ओला दिसतोय आणि चाकांतून तुषार उडत नाहीत, म्हणजे ते पाणी राहिलेलं नाही. यालाच इथे ब्लॅक आइस म्हणतात, आणि पुलावर तो सगळ्यात आधी धरतो, कारण पुलाला वरूनही थंड वारा लागतो आणि खालूनही. पुलावर ना ब्रेक, ना लेन बदल, ना क्रूझ कंट्रोल. स्टिअरिंग सरळ धरून नुसतं वाहत जायचं. उतारावर गियर खाली घेऊन इंजिनच्या ब्रेकवर उतरायची बाबांची घाटातली सवय इथेही चालते, फक्त हलक्या हाताने. आणि एबीएसमुळे (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) पायाखाली ब्रेक थरथरला तर पाय उचलू नका, दाबून ठेवा. ती थरथर म्हणजे बिघाड नाही, ते त्याचं काम आहे.

पुढच्या गाडीपासून किमान आठ-दहा सेकंदांचं अंतर ठेवा. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तिथपासून आपण मोजायचं. आई मागून ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल’ असं मोठ्याने मोजत होती. आठाच्या आत खांब आला की ‘हळू!’ अशी आज्ञा व्हायची.

सिराक्यूजच्या अलीकडे तीन स्नोप्लाऊ, म्हणजे बर्फ खरवडणारे ट्रक, पायरीसारखे तिरके एकामागे एक चालले होते, ताशी पस्तीसच्या आसपास. नवरा चुळबुळायला लागला. त्यांना ओलांडू नका. त्यांच्या मागचा रस्ता ताजा खरवडलेला आणि मीठ टाकलेला असतो. पुढे गेलात की तुम्ही स्वतः बर्फात. शिवाय फाळ शेजारच्या लेनमध्ये घुसलेला असतो आणि उडणाऱ्या भुशात तो दिसतही नाही. पस्तीस मिनिटं आम्ही त्यांच्या मागे होतो. त्या दिवसातला सगळ्यात निवांत प्रवास तोच. मिठाचंही एक लक्षात ठेवा: साधारण १५ फॅरनहाइटच्या खाली पारा गेला की नुसत्या मिठाची ताकद फार कमी होते. रस्त्यावर मीठ दिसतंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

रॉचेस्टरच्या दक्षिणेकडून पुढे जाताना ऊन होतं. खरंच लख्ख ऊन. फोनवर मात्र बफेलो आणि आसपास लेक इफेक्टचा इशारा. नवरा म्हणाला, “एवढ्या उन्हात?” इथेच आम्ही चुकलो.

लेक इफेक्ट हे वादळासारखं सगळीकडे पडत नाही. ईरी सरोवर सुमारे २४० मैल लांब आहे. डिसेंबरात त्याचं पाणी अजून कोमट असतं आणि वरून उत्तरेकडची थंड हवा वाहते. नैर्ऋत्येचा वारा सरोवराच्या लांबीवरून आला की तो वाटभर ओलावा उचलतो आणि एका अरुंद पट्ट्यात सगळा बर्फ ओततो. पट्टा दहा-वीस मैल रुंद. आत काही दिसत नाही आणि बाहेर ऊन. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या दक्षिणेला ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात साडेसहा फुटांहून अधिक बर्फ पडला, आणि नायगरा फॉल्स गावात त्या मानाने अगदी थोडा. ईरी हे पाच महासरोवरांतलं सगळ्यात उथळ, त्यामुळे ते लवकर गोठतं, आणि पुरतं गोठलं की हा खेळ पुष्कळसा थंडावतो. म्हणजे नाताळच्या सुमाराला धोका पुरेपूर आणि जानेवारी-फेब्रुवारीत बहुधा कमी. सुट्टीचं गणित नेमकं उलटं.

ल रॉय आणि बटेव्हियाच्या मध्ये आम्ही त्या भिंतीत शिरलो. भिंतच होती ती. उन्हातून पांढरी दिसत होती आणि मी तिला ढग समजले होते. दोन्ही बाजूंना उघडी शेतं, वाऱ्याने जमिनीवरचा बर्फही उठलेला. रस्ता, कडा, आकाश सगळं एकाच रंगाचं. बाबा म्हणाले, “अप्पर मार.” घाटातल्या सवयीने. हाय बीम लावला तर पुढे नुसता पांढरा पडदा. लो बीमच ठेवा. (न्यू यॉर्कमध्ये वायपर चालू असताना हेडलाइट लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे.) मग म्हणाले, “चारी इंडिकेटर चालू कर.” तेही करायचं नव्हतं. इथे लुकलुकणारे चारी दिवे म्हणजे थांबलेली गाडी. मागचा बिचकून ब्रेक मारतो आणि तुम्ही लेन बदलताय की नाही हे त्याला कळतच नाही. पण तिसरं वाक्य त्यांनी बोललं ते मी विसरणार नाही: “त्याच्या टेललँपच्या मागे लागू नकोस. तो दरीत गेला तर तूही जाशील.”

लेनमध्ये थांबायचं नाही, जमेल तोवर कडेलाही नाही. मागून येणारा कडेच्या दिव्यांनाच रस्ता समजतो. वेग हळूहळू उतरवत पुढची एक्झिट गाठायची. बटेव्हियाची एक्झिट आली, रॅम्पच्या वळणावर गाडीचा मागचा भाग हातभर सरकला, मी पाय सोडून नाक जिथे न्यायचं तिकडे स्टिअरिंग वळवलं आणि ती सावरली. बफेलो तिथून चाळीसेक मैल. सगळे बूड टेकून गप्प. मोटेलमध्ये खोली मिळाली. नाताळची रात्र, आजूबाजूला सगळं बंद, मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेल्या दशम्या.

थांबल्याने नाताळ बुडाला असं नवऱ्याला वाटत होतं. मी त्याला २०२२ च्या डिसेंबरची आठवण दिली. २३ तारखेपासून बफेलोवर जे हिमवादळ आलं त्यात चाळीसहून अधिक माणसं गेली, काही तर आपापल्या गाडीतच. अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. धुराड्याचा पाइप बर्फाने बुजला नाही ना ते आधी बघा, तासाला दहा मिनिटंच इंजिन चालवा, आणि वारा येतोय त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. फावडं, ब्लँकेटं, टॉर्च आणि चाकाखाली टाकायला कॅट लिटरची (मांजरांसाठीच्या खड्यांची) पिशवी डिकीत. पाणी, खाणं आणि आईवडिलांची औषधं मात्र पुढे, आपल्याजवळ. आईच्या बीपीच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत होत्या. अडकलो असतो तर त्या काढायला वादळात उतरावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हवामान खात्याच्या बफेलो कचेरीचं रडार उघडलं. वारा पश्चिमेकडे फिरत होता आणि पट्टा दक्षिणेला सरकत होता. ‘आज बर्फ आहे का’ असं विचारू नका, ‘पट्टा कुठे आहे’ असं विचारा. दोन-तीन तास कॉफी पीत बसलात की तो बरेचदा आपण होऊन बाजूला होतो. ५११एनवाय या न्यू यॉर्क राज्याच्या रस्ते-माहितीच्या साइटवर रस्ते उघडे आहेत का तेही दिसतं. काउंटीने वाहनबंदी लावली असेल तर तो सल्ला नसतो, गाडी बाहेर काढल्यास कारवाई होते. बारा वाजता निघालो, सव्वाला पोचलो. रस्ता ओलासुद्धा नीटसा नव्हता.

धबधब्याबद्दल थोडक्यात. आईबाबांकडे कॅनडाचा व्हिसा नव्हता, त्यामुळे अमेरिकेची बाजूच. मेड ऑफ द मिस्ट बोट हिवाळ्यात बंद असते, आणि केव्ह ऑफ द विंड्सचे लाकडी जिने दरवर्षी काढून वसंतात पुन्हा बांधतात. त्याने काही बिघडत नाही. गोट आयलंडवरच्या टेरापिन पॉइंटला उभं राहिलं की तुषार कठड्यावर, झाडांवर, दिव्यांच्या खांबांवर जाड गोठलेले असतात. धबधबा गोठत नाही, आतून वाहतच राहतो. १८४८ च्या मार्चमध्ये मात्र सरोवराच्या तोंडाशी बर्फ अडकून तो दीडेक दिवस खरंच थांबला होता. बुटांना बांधायचे खिळे घेऊन जा. आम्ही ते आईसाठीच घेतले होते, पडला नवरा.

परतीला काही घडलं नाही. २८ ला घरी आलो, पारा चाळीस फॅरनहाइटच्या वर गेला त्या दिवशी गाडी धुवायला नेली. कडाक्याच्या थंडीत धुऊ नका, दारं गोठून चिकटतात. पण मीठ तसंच ठेवलंत तर खालचा पत्रा जातो, म्हणून खालून धुणारा प्रकारच निवडा, वरची चकाकी नंतर. बाबांना हे समजवावं लागलं नाही. खाऱ्या वाऱ्यात गंजलेल्या एसट्या त्यांनी तीस वर्षं चालवल्यात. ते ओणवे होऊन चाकाच्या कमानीत बोट फिरवून, जिभेला लावून बघत होते.

“अजून खारट आहे,” म्हणाले. “परत धू.”