थांब, मग मार

पहिले आठ दिवस मी व्हॅलोरंट या कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या खेळातली जमीन पाहिली. फरशी, पायऱ्या, गवत, सगळं. माणसं दिसायची ती मला मारून झाल्यावर. भाचा शेजारी बसून कपाळाला हात लावायचा. "मावशी, तुझा क्रॉसहेअर सारखा खाली का? माणसाचं डोकं कुठे असतं?" क्रॉसहेअर म्हणजे स्क्रीनच्या मधली नेम धरायची खूण. नवी नवी स्कूटी शिकताना मी पुढच्या चाकाकडेच बघायचे, तेव्हा वडीलही मागून हेच ओरडायचे: "लांब बघ, लांब!" ती खोड रस्त्यावर सुटली, ती आता माउसमधून परत आली.

भाचा सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे नाशिकला आला तो लॅपटॉप, हेडफोन आणि ज्यावर पोळपाट ठेवून पोळ्या लाटता येतील एवढं माउसपॅड घेऊन. एवढं मोठं कशाला, तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस जरा हलवला की खेळात किती वळायचं ते, कमी ठेवायची आणि मनगटाने नाही, अख्ख्या हाताने माउस फिरवायचा. माझी सेन्सिटिव्हिटी इतकी जास्त होती की शिंक आली तरी मी गिरकी घेऊन भिंतीकडे तोंड करायचे. कमी केल्यावर दोन दिवस खांदा दुखला. तिसऱ्या दिवशी पहिला माणूस पडला. (बॉट होता, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेला खोटा माणूस. पण पडला.)

खेळ सांगायला सोपा आहे. पाच विरुद्ध पाच. एका बाजूने स्पाइक नावाचा बॉम्ब ठरलेल्या जागी लावायचा, दुसरीने लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा. लावायला 4 सेकंद, फुटायला 45, निकामी करायला 7. आधी 13 फेऱ्या घेईल तो जिंकला. 2020 च्या जूनमध्ये, लॉकडाउनच्या दिवसांत, रायट गेम्सने हा खेळ आणला आणि घरोघरची मुलं त्यात गेली ती गेलीच. आमचे हे कॉलेजात असताना सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळायचे, त्यामुळे त्यांना यात काही नवीन वाटत नाही. "आमच्या वेळी धुराचे बॉम्ब विकत घेऊन हाताने फेकायला लागायचे," एवढं ऐकवून ते पेपर वाचायला जातात.

मला सगळ्यात जड गेलं ते थांबणं. धावता धावता गोळी झाडली तर ती कुठेही जाते. व्हँडल नावाची बंदूक खेळातल्या पैशांत 2900 ची. डोक्यात एकच गोळी बसली तरी पुरते, अंतर कितीही असो. पण पाय थांबलेले हवेत. आणि मी तर भाजी परतता परतता डबे भरून फोनवर भावजयीशी बोलणारी बाई! आमच्या घरात थांबून कुठलंच काम झालेलं नाही. "बोट उचल, थांब, मग मार," भाचा म्हणायचा. बोट म्हणजे डाव्या हाताचं, चालायच्या बटणावरचं. सरावाच्या मैदानावर 30 बॉट एकामागून एक येतात. ईझीवर मी 11 टिपले. महिन्याभराने मीडियमवर 17. तोवर एक लक्षात आलं होतं, की घाबरले की माझं डावं बोट आपोआप दाबलं जातं.

पैशांच्या बाबतीत मात्र मी भाच्याला शिकवलं. सुरुवातीला प्रत्येकाकडे 800. फेरी जिंकली की 3000, हरली की 1900, लागोपाठ हरत गेलात तर 2400, मग 2900. व्हँडल आणि जाड चिलखत मिळून 3900 होतात. चौघांचे खिसे रिकामे असताना पाचव्याने एकट्याने बंदूक घेऊन मिरवण्यात अर्थ नसतो. सगळ्यांनी एक फेरी पिस्तुलावर काढावी आणि पुढच्या फेरीला एकदम खरेदी करावी. बारा वर्षं भिशी चालवलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको. पण ही पोरं हातात 1900 पडले की लगेच 1600 ची स्पेक्टर बंदूक घेऊन धावत सुटतात.

सर्व्हर मुंबईचा, भाषा हिंदी. "एक मार्केट में, लो है" म्हणजे शत्रू मार्केटमध्ये आहे आणि जखमी आहे. नकाशाच्या, म्हणजे खेळाच्या मैदानाच्या, कोपऱ्याकोपऱ्याला नाव असतं आणि मेल्यावर ते पटकन सांगायचं असतं. मी ओरडायचे, "तिकडे! तिकडे!" पत्ता सांगायची आपली जुनीच रीत. पहिल्यांदा माइक सुरू केला तेव्हा क्षणभर सगळे गप्प, मग प्रश्न: "लडकी है क्या?" मग जे सुरू झालं ते लिहिण्यासारखं नाही. इथे बायका तोंड का उघडत नाहीत ते अर्ध्या मिनिटात कळलं. आता मी आधीच सांगते, "मौसी हूँ. स्मोक कहाँ चाहिए, बोलो." खेळातल्या पात्रांपैकी पिकल्या दाढीचा ब्रिमस्टोन घेते, मनगटावरच्या नकाशात बोट ठेवून धूर पाडते. मौसीशी सहसा कोणी वाकडं बोलत नाही.

परवा लोटस लागला. हा नकाशा पश्चिम घाटातला, म्हणजे घरच्या मैदानासारखाच. 11-12 ने मागे होतो. स्पाइक आम्ही लावलेला, आमचे चौघे मेलेले, समोर एकच जण उरलेला. मेलेले लोक तुमच्याच डोळ्यांनी खेळ बघतात. पुरण वाटत असताना चार नणंदा पाठीशी उभ्या असाव्यात तसं वाटतं. मी खांबाआड. त्याने निकामी करायला स्पाइकला हात लावला, आवाज आला, बंद झाला. हूल. पुन्हा आवाज, पुन्हा बंद. मी हलले नाही. डावं बोट वर. क्रॉसहेअर डोक्याच्या उंचीवर. हेडफोनमध्ये चिडीचूप.

तिसऱ्यांदा आवाज आला. ही पण हूलच, मी मनात म्हटलं, आणि थांबले. चांगले सात सेकंद थांबले.

स्क्रीनवर 11-13 आलं. चौघांपैकी एकाने हळूच "जीजी मौसी" म्हटलं, जीजी म्हणजे गुड गेम. मग पुण्याला परत गेलेल्या भाच्याचा आवाज आला.

"मावशी, थांब, *मग मार*."