काकवीत अडकलेला पाय

बाबांना आता जवळपास ऐकूच येत नाही. कानाला मशीन लावलं की कूलरची घरघर तेवढी मोठी होते, म्हणून ते काढूनच ठेवतात. टीव्ही लागला की दर दोन मिनिटांनी, "काय म्हणून राहिला तो?"

मे महिन्यातल्या एका दुपारी मी लॅपटॉपवर १९१७ चा 'द बुचर बॉय' लावला. मूकपट. विचारायचं काही कामच नाही.

दिग्दर्शक रॉस्को अर्बकल, नायकही तोच. अगडबंब देह, पण हात इतके चपळ की सुरा सहज हवेत उडवतो आणि तो बरोबर ठोकळ्यात रुततो. मग बस्टर कीटन काकवी घ्यायला येतो. हा त्याचा पहिलाच सिनेमा. नाणं टाकतो भांड्यात, वर काकवी ओतली जाते. पैसे मागितल्यावर शोधाशोध, त्यात काकवी टोपीत, टोपी डोक्याला चिकटलेली, शेवटी जमिनीवर सांडलेल्या काकवीत पाय अडकलेला! अर्बकल त्यावर कढत पाणी ओततो.

बाबा तरुणपणी नागपूरला बर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. डोळे पुसत म्हणाले, "रीळ मागं घे."

याच अर्बकलनं कीटनला कॅमेरा आतून कसा चालतो ते दाखवलं. आज मात्र त्याचं नाव काढलं की लोकांना खटलाच आठवतो, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. सप्टेंबर १९२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या हॉटेलातल्या पार्टीत व्हर्जिनिया रॅप ही अभिनेत्री आजारी पडली, चार दिवसांनी गेली. आरोप याच्यावर. तीन खटले चालले. १२ एप्रिल १९२२ ला तिसऱ्या ज्युरीनं निर्दोष तर ठरवलंच, वर अन्याय झाल्याचंही लिहून दिलं. सहाच दिवसांत पडद्यावर बंदी आली. ती वर्षअखेरीस उठली, पण काम कोण देणार? मग 'विल्यम गुडरिच' या नावानं तो दुसऱ्यांचे विनोदी सिनेमे दिग्दर्शित करत राहिला. १९३२ मध्ये स्वतःच्या नावानं परत पडद्यावर आला. २९ जून १९३३ ला झोपेतच गेला, ४६ वर्षांचा होता.

हे सगळं मी वहीवर लिहून बाबांना दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. 'विल्यम गुडरिच' वर बोट ठेवून बराच वेळ बसले.

मग वही मिटली. "ते काकवीवालं लाव पुन्हा."