ठाण्याचे १२ बाइट

स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेतली डेटाबेसची लायब्ररी सांभाळायची म्हणजे एसक्यूएलशी, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेशी, झटापट, असं बाहेरून वाटतं. डेटाबेस एकच, म्हणजे पोस्टग्रेस, असेल तर एसक्यूएल बिचारं कुठेही गेलं तरी तेच राहतं. कटकट असते ती स्मॉलटॉकच्या बोलींची: फॅरो, स्क्वीक, व्हिज्युअलवर्क्स, जीएनयू स्मॉलटॉक. १९९८ चं एएनएसआय प्रमाण आहे, पण त्यात सॉकेटबद्दल, म्हणजे नेटवर्क जोडणीच्या टोकाबद्दल, अवाक्षर नाही, आणि ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा कोड, जगतो सॉकेटवरच. मग ज्याची त्याची वेगळी तऱ्हा.

ड्रायव्हर तपासायला ‘ठाणे’ एवढा शब्द पुरतो. ठ, काना, ण, मात्रा अशा युनिकोडच्या ४ खुणा. त्या बाइटमध्ये मांडायच्या यूटीएफ-८ पद्धतीत १२ बाइट. पोस्टग्रेसला प्रत्येक किमतीआधी तिची लांबी कळवावी लागते, तीही बाइटमध्ये. फॅरोतल्या स्ट्रिंगला आकार विचारला तर ती ४ सांगते. ड्रायव्हरने तोच आकडा पुढे ढकलला, की सर्व्हर ठ आणि कान्याचा पहिला बाइट उचलतो. उरलेले ८ बाइट त्याला पुढचं काहीतरी वाटतं आणि ड्रायव्हरचे बारा वाजतात. वागळे इस्टेटमध्ये बसून रोमन लिपीतली नावं घालत राहिलं, तर हे कधीच दिसणार नाही. तिथे अक्षरं आणि बाइट यांचा आकडा जुळतो.

उपाय सोपा वाटतो: आधी एन्कोड करा, म्हणजे अक्षरांचे बाइट करा, मग मोजा. पण जीएनयू स्मॉलटॉकची साधी स्ट्रिंग मुळातच बाइटची. तिथे ‘ठाणे’चा आकार आधीच १२. फॅरोसाठीचा उपाय डोळे झाकून तिकडे नेला, तर त्या बाइटना सुटी अक्षरं समजून पुन्हा एन्कोड केलं जातं. टेबलात २४ बाइटचा कचरा पडतो, आणि एररही येत नाही. हे जास्त वाईट.

तारखेचंही तसंच. फॅरोची तारीख टाइमझोन घेऊन फिरते, व्हिज्युअलवर्क्सची नाही. ऐरोलीतली मध्यरात्र यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या दिवशीची १८:३०. तारीख यूटीसीत बदलून पाठवली की जन्मतारीख एक दिवस मागे. वर्ष, महिना, दिवस एवढंच पाठवावं.

पोस्टग्रेस १४ पासून पासवर्ड डिफॉल्टने स्क्रॅम पद्धतीने ठेवले जातात. फक्त एमडी५ ही जुनी पद्धत येणारे ड्रायव्हर तिथेच अडतात. नव्यांनाही दर जोडणीला सहसा ४०९६ फेऱ्यांचं हॅशिंग, म्हणजे पासवर्डची गणिती घुसळण, करावं लागतं. ते शुद्ध स्मॉलटॉकमध्ये लिहिलं असेल तर जोडणी रेंगाळते, म्हणून पूल, म्हणजे उघड्या जोडण्यांचा साठा, हवाच. आणि पूल आला की इमेजचा, म्हणजे चालू स्मॉलटॉकमधल्या सगळ्या ऑब्जेक्टच्या साठवलेल्या फाइलचा, प्रश्न आला. इमेज सेव्ह केली की जोडणीचे ऑब्जेक्टही जपले जातात, पुन्हा उघडल्यावर धडधाकट दिसतात, पण आतले सॉकेट मेलेले. जागं झाल्याची वर्दी फॅरोत सेशन मॅनेजर देतो, स्क्वीकमध्ये स्टार्टअप लिस्ट, व्हिज्युअलवर्क्समध्ये ऑब्जेक्ट मेमरी. हा भाग प्रत्येक बोलीच्या स्वतंत्र पॅकेजमध्ये ठेवावा. मूळ कोडमध्ये ‘फॅरो असेल तर’ पेरत बसू नये. वर्दी आली की पूल सरळ फेकून द्यायचा. जुन्या जोडण्यांना रीतसर निरोप पाठवायला गेलं, तर त्या मेलेल्या सॉकेटवर लिहिताना स्टार्टअपच कोसळतो.