काठी डाव्या हातात, कारण दुखतोय उजवा खुबा

खुब्याच्या ऑपरेशनला सात महिने होऊन गेले आणि अजून रोज कोणतरी विचारतंच, सर पळायला कधी लागणार, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. आमच्या अंबाजोगाईत सकाळी पळणारी पोरं भरपूर आहेत, निम्मी तर पोलीस भरतीवाली, त्यांच्यासाठी तर हे लिहायलाच पाहिजे.

गेल्या दिवाळीनंतर मी हाफ मॅरेथॉनची तयारी सुरू केली. आठवड्याला 20 किलोमीटर पळणारा माणूस मी, दीड महिन्यात 50 च्या पुढं गेलो, तेही सगळं डांबरीवर, मुकुंदराजांच्या समाधीकडं जाणाऱ्या चढ-उताराच्या रस्त्यानं. डिसेंबरात उजव्या जांघेत दुखायला लागलं. सुरुवातीला पळून झाल्यावर दुखायचं, मग पळताना, मग जिना चढतानाही. एका डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी एक्स-रे काढला, एक्स-रे स्वच्छ, म्हणले शिर आखडलीय, गोळ्या घ्या, आठ दिवसांनी पळा. मी गोळ्या खाऊन पळलो आणि दहाव्या दिवशी वर्गात फळ्यापुढं उभं राहता येईना. या गोष्टीचा मला अजून राग येतो. हाडाला बारीक चीर असली तर सुरुवातीच्या एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसतच नाही, एमआरआयत दिसते, आणि पळणाऱ्या माणसाची जांघ दुखायली म्हणलं की ही शंका डोक्यात यायलाच पाहिजे.

एमआरआय लातूरला झाला. मांडीचं हाड खुब्याच्या वाटीत जातं तिथं टोकाला एक गोळा असतो, त्याच्या खाली एक मान असते, त्या मानेला चीर होती, आणि ती वरच्या बाजूनं. खालच्या बाजूला चीर असेल तर वजन पडताना हाड तिथं दाबलं जातं, म्हणून बऱ्याचदा नुसत्या आरामानं, कुबड्यांवर भागतं. वरच्या बाजूला हाड ताणलं जातं, चीर उघडत जाते, आणि ती सरकली तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटायची भीती. त्यामुळं थांबायचा प्रश्नच नव्हता, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, तीन स्क्रू बसवले. व्हिटॅमिन डी पण फारच कमी निघालं. रोज सकाळी बाहेर पळणाऱ्या माणसाचं कमी कसं म्हणून बायकोनं दोनदा विचारलं, पण मी पळायचो ते सूर्य उगवायच्या आधी आणि दिवसभर वर्गात.

मला वाटलेलं ऑपरेशन म्हणजे मोठं काम, ते झालं की बाकी आपोआप. तसं काही नसतं. स्क्रूनं हाड धरून ठेवलं, पण चालणं फिजिओ मॅडमनी परत शिकवलं, अक्षरशः लहान लेकराला शिकवतात तसं. पहिल्या दिवशी पलंगावर पडूनच पावलं वर-खाली, वर-खाली, पोटरीत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. मांडी आवळून धरायची, कुल्ला आवळून धरायचा. मग वॉकर. सहा आठवडे उजव्या पायावर वजन द्यायचं नव्हतं, नुसतं बोटं टेकवायची. मला ते जमेना, पाय एकतर हवेत राहायचा नाहीतर सरळ दाबला जायचा. तेव्हा मॅडम म्हणल्या, "सर, पायाखाली कुरडई आहे असं समजा, टेकवायचंय पण मोडू द्यायची नाही." आई बाजूलाच बसलेली, तिला हे लई पटलं, पुढं दीड महिना मी उठलो की ती स्वयंपाकघरातनं ओरडायची, "कुरडई मोडायलास बग!"

सहा आठवड्यांनी एक्स-रे चांगला आला, मग वजन वाढवायचं. त्यासाठी घरातला वजनकाटा. डावा पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर, उजवा काट्यावर, आणि काटा 15 किलोवर येईपर्यंत हळूहळू दाबायचं, ते दाबणं पायाला पाठ झालं पाहिजे. पुढच्या आठवड्यात 25, मग 35. माझं वजन 64. काट्यावर उभा राहून मला पहिल्यांदा कळलं की आपण पायावर किती वजन देतो याचा आपल्याला काहीच अंदाज नसतो.

आता काठीचं. मी सांगतोय ते लक्षात ठेवा कारण आमच्याकडं शंभरातली नव्वद माणसं हे उलटं करतात. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरायची. मी घरी आलो तेव्हा भेटायला आलेला प्रत्येक पाहुणा काठी काढून माझ्या उजव्या हातात द्यायचा. कारण असंय की एका पायावर उभं राहिलं की खुब्यावर आपल्या वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो, कारण कंबर सरळ धरून ठेवायला कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू जोरात ओढत असतो. डाव्या हातातली काठी कंबरेची डावी बाजू वर उचलून धरते, त्या स्नायूचं काम हलकं होतं. दुखऱ्या बाजूला काठी धरली की माणूस तिकडंच झुकतो आणि तशीच चाल पडून जाते.

चाल पडून जाते, हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. एप्रिलमध्ये दुखणं जवळपास गेलं होतं, काठी सुटली होती, आणि मी लंगडत होतो. मला वाटायचं मी सरळ चालतोय. एका संध्याकाळी अंगणात पाणी मारलं आणि ओल्या पायानं ओसरीत आलो, शहाबादी फरशीवर पावलं उमटली, मागं वळून बघितलं तर उजवं पाऊल डाव्याच्या चांगलं पुढं पडलेलं, आणि डावं मात्र उजव्याच्या अगदी जवळ, वीतभरच पुढं. म्हणजे उजव्या पायावर शरीर थांबायलाच तयार नव्हतं, टेकला की लगेच डावा घाईनं खाली. फरशी वाळेपर्यंत मी तिथंच उभा होतो. मॅडमना फोटो पाठवला तर त्या म्हणल्या आता चपलेचा आवाज ऐका, डोळे मिटून. ऐकला. फट...थप. फट...थप. सारखा नव्हताच.

मॅडमनी आरशापुढं उजव्या पायावर उभं केलं तर माझी कंबर डावीकडं खाली पडायची. ट्रेंडेलेनबर्ग नावाच्या जर्मन सर्जननं 1895 मध्ये ही खूण सांगितली, अजून तीच बघतात, यंत्र लागत नाही काही नाही. तो कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू, ग्लुटिअस मीडिअस, तो झोपून गेलेला असतो. त्याला उठवायला मला तीन महिने लागले.

भिंतीला पाठ लावून डाव्या कुशीवर झोपायचं आणि उजवी टाच भिंतीवरनं घासत वर न्यायची. भिंत का, तर भिंत नसली की पाय हळूच पुढं येतो आणि भलताच स्नायू काम करतो, आपल्याला वाटतं व्यायाम झाला. पँटच्या मागच्या खिशाच्या जरा वर, बाजूला जळजळलं तरच खरं. मग ओट्याच्या पायरीवर उजव्या पायानं उभं राहून डावी कंबर खाली सोडायची, परत वर घ्यायची, हात कशाला धरायचा नाही. मग गुडघ्याच्या वर पट्टा बांधून बाजूला पावलं टाकायची, माझा पट्टा म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, मॅडमनी ओढून बघितला आणि चालेल म्हणल्या. हे सगळं फार कंटाळवाणं आहे हो. पळताना रस्ता असतो, वारा असतो, इथं एक भिंत. कितीतरी दिवस मी बायकोला करून झालं म्हणून सांगितलं आणि मग रात्री मनाला लागून परत उठून केलं.

मांडी घालून बसणं चौथ्या महिन्यात जमलं, उकिडवं त्याच्याही नंतर, तोवर खुर्चीचं कमोड. पंगतीत मी खुर्चीवर आणि सगळे खाली, ते मला जड जायचं.

पळायची परवानगी जुलैत मिळाली, त्याआधी मॅडमच्या अटी होत्या. पाऊण तास झपाझप चालून दुसऱ्या दिवशी जांघ दुखता कामा नये, एका पायावर अर्धं बसून उठताना गुडघा आत जाता कामा नये, आणि उजव्या पायावर दहा उड्या. उड्यांना मी महिनाभर घाबरलो. शेवटी झाल्या. मग एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा, एक दिवसाआड, आणि कॉलेजच्या मातीच्या मैदानावर, डांबरीवर नाही. ते पहिलं मिनिट संपलं तेव्हा मी चालायचं विसरून तिथंच उभा राहिलो, डोळे भरून आले होते. सकाळी उठून जांघ दाबून बघायची, दुखली तर एक पायरी मागं. एकदा मागं गेलोय.

आणि पोरांनो तुमचं. भरतीच्या 1600 मीटरच्या टायमिंगसाठी तुम्ही दुखण्यावर स्प्रे मारून पळता, मी रोज बघतो. आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, 2023 च्या एशियन गेम्सला स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण आणलं त्यानं, 2025 ला त्याच्याही गुडघ्याचं ऑपरेशन झालंच की. शरीर लोखंडाचं कुणाचंच नसतं. जांघ दुखायली असेल आणि त्या पायावर टेकलं की कळ येत असेल तर उड्या मारून बघत बसू नका, पळणं त्या दिवशी बंद करा, एक्स-रे स्वच्छ आला तरी एमआरआयचं विचारा.

आमच्या ग्रुपमधल्या एकानं मे महिन्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, सर मला पण तिथंच दुखायलंय. दुसऱ्या दिवशी त्याला लातूरला घेऊन गेलो. चीर होती, पण खालच्या बाजूनं, ऑपरेशन लागलं नाही, कुबड्यांवर भागलं. यंदाचं भरतीचं मैदान त्याचं हुकलं, त्या दिवशी गाडीत तो घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. आता तो रोज संध्याकाळी आमच्याकडं येतो, मी भिंतीच्या या टोकाला, तो त्या टोकाला, आईनं चहा ठेवलेला असतो. टाच घासून घासून चुन्याच्या भिंतीवर दोघांच्या काळ्या रेघा उमटल्यात, त्याची अजून माझ्यापेक्षा चार बोटं खाली आहे.