तुम्ही विचारलंत म्हणून: चांदीच घ्यायची तर बिस्कीट का नाही?

माझ्या कपाटातली ती बेसबॉलची चांदीची कार्डं कोणाच्या नजरेस पडली की प्रश्न ठरलेलाच असतो, शब्द थोडे पुढेमागे. एवढी चांदी घ्यायचीच होती तर सरळ बिस्कीट का नाही घेतलंत? भारतातून आलेले नातेवाईक विचारतात, इथे अमेरिकेत मिलवॉकीत गणपतीला भेटणारी मराठी मंडळी विचारतात, आत्या तर प्रत्येक फोनवर विचारते. आणि आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट बसून लिहितोय, कारण उभ्याउभ्या दोन वाक्यांत दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटतं.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. बेसबॉलची कार्डं, म्हणजे खेळाडूंचे फोटो असलेली छापील कार्डं जमवणं, हा अमेरिकेतला जुना छंद, आणि त्यातलं सगळ्यात मोठं नाव टॉप्स. ही कंपनी मूळची च्युइंगगमवाली, गम खपावा म्हणून कार्डं द्यायची. (ज्यांनी 80 च्या दशकात आपल्याकडे बिग फन बबलगमबरोबर येणारी क्रिकेटपटूंची चित्रं जमवली त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.) अडीच बाय साडेतीन इंच ही साइझ टॉप्सने 1957 साली आणली आणि ती आजही तीच आहे. तर 1992 च्या सुमाराला फ्लोरिडातल्या मेलबर्न गावच्या हायलँड मिंट नावाच्या खाजगी टांकसाळीने, म्हणजे सुपर बोलच्या, अमेरिकन फुटबॉलच्या फायनलच्या, टॉसचं नाणं पाडणारे तेच लोक, टॉप्सची खरी कागदी कार्डं समोर ठेवून त्यांच्या धातूतल्या प्रतिकृती काढायला सुरुवात केली. त्याच मापाच्या. एक ब्राँझमध्ये, एक शुद्ध चांदीत, आणि काही खेळाडूंची चांदीवर 24 कॅरेट सोन्याचा मुलामा दिलेली. खेळाडूगणिक आकडे वेगळे, पण साधारण ब्राँझची 5000 च्या आत, चांदीची 1000 च्या आत आणि मुलाम्याची 500 च्या आत. प्रत्येकाच्या कडेवर नंबर. बरोबर सर्टिफिकेट, एक अल्बमसारखी केस आणि पारदर्शक प्लास्टिकची तीन तुकड्यांची जाड चौकट.

वजन सव्वाचार ट्रॉय औंस, म्हणजे 132 ग्रॅम, जुन्या हिशोबाने सव्वाअकरा तोळे. पहिल्यांदा हातात घेणारा प्रत्येक माणूस दचकतो, कारण डोळ्याला दिसतं कार्ड आणि हाताला लागतं वजन. जाडी काढली तर दोन मिलिमीटरच्या जरा वर भरते.

आता तुमच्या प्रश्नातला हिशोब, तो मी टाळणार नाही. चांदीच्या कार्डाची छापील किंमत होती 235 डॉलर आणि ब्राँझची 50. तेव्हा, 1993 च्या आसपास, चांदी होती औंसाला चार-पाच डॉलर. म्हणजे कार्डात चांदी फार तर एकवीस डॉलरची आणि बाकी सगळी घडणावळ! आपल्याकडचा कुठलाही सोनार हे ऐकून दुकानाबाहेर काढेल. त्यात भर म्हणजे तो काळच वाईट होता, 80 च्या शेवटापासून कंपन्यांनी कार्डं इतकी छापली इतकी छापली की बाजार नुसता ओसंडून गेला, आणि मग 12 ऑगस्ट 1994 ला खेळाडू संपावर गेले आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनलच, रद्द झाली, लोकांचं मनच उडालं. ज्यांनी गुंतवणूक म्हणून ही चांदीची कार्डं घेतली होती त्यांच्या नशिबी पुढची कितीतरी वर्षं निव्वळ तोटा. 235 वसूल व्हायला चांदी औंसाला 55 डॉलरच्या वर जायला हवी होती, ती गेली 2025 च्या शेवटी-शेवटी, आणि तोपर्यंत त्या 235 डॉलरांची महागाई धरली तर दुपटीच्या वर झालेली. त्यामुळे बिस्कीटवाल्यांचं गणित शंभर टक्के बरोबर आहे. ज्याला चांदी हवी त्याने बिस्कीटच घ्यावं, मी स्वतः आत्याला तेच सांगितलंय.

मला चांदी नको आहे. मला रॉबिन याउंट हवा आहे.

मिलवॉकीत राहणाऱ्याला हा माणूस कोण ते सांगावं लागत नाही, स्टेडियमबाहेर त्याचा पुतळाच आहे, पण तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1974 मध्ये अठरा वर्षांचा असताना तो ब्रुअर्सकडून, म्हणजे मिलवॉकीच्या बेसबॉल टीमकडून, खेळायला उतरला आणि 1993 पर्यंत, वीस सीझन, दुसऱ्या कुठल्याही टीमकडे गेला नाही. सोळाव्या वर्षी आलेल्या आणि चोवीस वर्षं खेळलेल्या सचिनला बघत मोठ्या झालेल्या पिढीला अशा माणसाबद्दल काय वाटतं ते मी वेगळं लिहायला नको. 9 सप्टेंबर 1992 ला याउंटचा 3000 वा हिट (चेंडू मारून बेसवर सुखरूप पोचणं) लागला, इथेच, घरच्या मैदानावर, आणि त्याच महिन्याच्या 30 तारखेला कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटचाही 3000 वा. दोघंही पुढे 1999 ला पिचर नोलन रायनच्या सोबत एकाच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेले. हायलँड मिंटने या तिघांचीही कार्डं काढली आणि ती शेजारी-शेजारी ठेवली की बेसबॉलचा एक अख्खा काळ समोर उभा राहतो.

कागदी कार्डावर फोटो असतो, शाईच्या बारीक ठिपक्यांचा. धातूवर ठिपके चालत नाहीत, तिथे कारागिराला ठरवावं लागतं की या चेहऱ्यात उंच काय आणि खोल काय. टोपीची कड पुढे येते, तिच्याखाली कपाळ मागे जातं, जर्सीची चुणी एका केसाएवढी वर, मागचं मैदान अगदी सपाट. हे सगळं मिळून एका मिलिमीटरच्याही आत! समोरून ट्यूबलाइटचा उजेड पाडला तर काहीच दिसत नाही, करड्या रंगाची पाटी दिसते फक्त, पण दुपारच्या वेळी खिडकीच्या बाजूला तिरकी धरा आणि हळूच फिरवा, नाकाची सावली गालावर सरकते आणि तो माणूस वळून बघतोय असं वाटतं. मी कोणाला दाखवतो तेव्हा आधी खिडकीकडेच नेतो. बिस्किटावर काय असतं? वजन आणि शिक्का.

या प्रकारात मला सगळ्यात आवडतात ती मात्र हायलँड मिंटच्याही आधीची, खुद्द टॉप्सची गॅलरी ऑफ चॅम्पियन्स. 1984 ला गॅलरी ऑफ इम्मॉर्टल्स या नावाने आणि मग 1991 पर्यंत या नावाने आली, कार्डाच्या बरोबर पाव आकाराची, सव्वा इंच बाय पावणेदोन, बारा-बाराच्या सेटमध्ये, ब्राँझ आणि चांदीत आणि पुढे अॅल्युमिनियममध्येही. टपाल तिकिटापेक्षा थोडी मोठी. भिंग लावलं तरच नाव धड वाचता येतं. कार्डं जमवणाऱ्या भल्याभल्यांना ही माहीत नसतात, किरकोळ विकणारे ती की-चेनच्या डब्यात टाकून ठेवतात, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच माझ्यासारख्याच्या हाताला लागतात.

सोन्याच्या कार्डांबद्दलही विचारता तुम्ही लोक, तर ते वेगळं प्रकरण आहे, लवकर उरकतो. 90 च्या दशकात 22 कॅरेट, 23 कॅरेट असं ठळक लिहिलेली कार्डं ढिगाने आली, ब्लीचर्सची, डॅनबरी मिंटची. ती सोन्याची नाहीत, सोन्याच्या वर्खाची आहेत, आणि वर्ख म्हणजे काय हे काजूकतली खाणाऱ्याला सांगायला नको. सोन्याचा वर्ख साधारण 0.1 मायक्रॉन जाडीचा धरला तर कार्डाच्या दोन्ही बाजू मिळून सोनं भरतं 22 मिलिग्रॅमच्या आसपास. ग्रॅमचा पन्नासावा भाग म्हणा ना. दिसायला सुंदर असतात, भिंतीवर लावा, मुलांना द्या, पण सोनं म्हणून कोणी गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका.

आणि याच्या अगदी उलट टोक बघा. 1997-98 च्या मेटल युनिव्हर्स या बास्केटबॉल कार्डांच्या सिरीजमध्ये स्कायबॉक्स कंपनीने प्रेशस मेटल जेम्स नावाची कार्डं काढली. नावात मौल्यवान धातू, पण कार्ड पुठ्ठ्याचं आणि वर चमकता कागद, त्यात ना सोनं ना चांदी. प्रत्येक खेळाडूची 100, पहिली 10 हिरवी, उरलेली 90 लाल. त्यातलं मायकल जॉर्डनचं एक हिरवं 2020 च्या डिसेंबरमध्ये नऊ लाख डॉलरच्या वर गेलं. आणि इकडे 132 ग्रॅम खरी चांदी, कोरलेल्या साच्यातून काढलेली, कडेवर नंबर असलेली, ती वजनावर विकली जाते. मला याचं वाईट वाटतं, मनापासून वाटतं, जॉर्डनचं कार्ड महाग गेलं म्हणून नाही, तर वजनावर विकली गेलेली वस्तू पुढे कुठे जाते ते माहीत आहे म्हणून.

इथेच माझं खरं उत्तर आहे.

कागदी कार्डाचा भाव वाढला की लोक ते जपतात. प्लास्टिकच्या स्लॅबमध्ये घालतात, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात, माळ्यावरचे खोके उघडून अजून एखादं सापडतंय का बघतात. भाव वाढला की कागद बाहेर येतो. चांदीच्या कार्डाचा भाव वाढतो तो चांदीमुळे, आणि चांदी वाढली की ती भट्टीत जातात. 2011 च्या एप्रिलमध्ये चांदी पन्नास डॉलरच्या तोंडाशी आली तेव्हा इथल्या पॉन शॉपमध्ये (गहाणवटीच्या दुकानांत) आणि जुनं सोनं-चांदी घेणाऱ्यांकडे लोक ताटं-चमचे घेऊन रांगेत उभे होते, आता 2025 पासून पुन्हा तेच चाललंय. आजोबा गेले, कपाट आवरलं, त्यात ही जड पाटी निघाली, मुलांना बेसबॉलचं काही नाही, काउंटरवरच्या माणसाने वजन केलं, शुद्धता बघितली, पैसे दिले. यात चुकीचं कोणीच वागलेलं नाही. आपल्याकडे आजीच्या वाक्या आणि तोडे मोडीत गेले ते असेच ना, आणि आता तसली घडण बघायला म्युझियममध्ये जावं लागतं.

म्हणून कडेवरचा तो नंबर वाचताना मी नेहमी एक गोष्ट लक्षात ठेवतो. समजा एखाद्याच्या कडेवर 412 आहे आणि सर्टिफिकेट म्हणतं 1000 पैकी, तर ते पाडली किती त्याबद्दल झालं. आज किती शिल्लक आहेत हे कोणत्याच सर्टिफिकेटवर नाही. कागदी कार्डांसाठी ग्रेडिंग कंपन्या, म्हणजे कार्डाची अवस्था तपासून दर्जा देणाऱ्या, कुठलं कार्ड कितीदा त्यांच्याकडे आलं त्याची मोजदाद ठेवतात, या धातूच्या कार्डांची भट्टीत गेल्यावर कोण मोजदाद ठेवणार. तर ते काम मी माझ्यापुरतं सुरू केलंय. एक साधी एक्सेल शीट, खेळाडू, धातू, कडेवरचा नंबर, कुठे आणि कधी दिसलं, फोटो. विकत घेतलेलीच असं नाही, नुसती विक्रीला दिसलेली, कोणाकडे पाहिलेली, सगळी. एकच नंबर पुन्हा दिसला की मला बरं वाटतं, म्हणजे अजून आहे.

घेताना खात्री कशी करायची हेही बरेच जण विचारतात, आणि ते घरच्या घरी जमतं. नुसतं वजन करून कळत नाही, कारण ब्राँझचं कार्डही सव्वाचार औंसाचंच आहे, त्याला चांदीचं पाणी चढवलं तर काटा तेच दाखवेल. लोहचुंबकाचाही उपयोग नाही, तो चांदीलाही चिकटत नाही आणि ब्राँझलाही नाही. पाण्याने मात्र कळतं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायचा, त्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा, कार्ड दोऱ्याने बांधून तळाला टेकू न देता पूर्ण बुडवायचं. चांदी असेल तर काटा साडेबारा ग्रॅमच्या आसपास थांबतो. ब्राँझ असेल तर पंधराच्या आसपास. एवढा फरक साध्या काट्यावरही स्पष्ट कळतो. नंतर मऊ कपड्याने टिपून घ्या, पुसू नका, टिपा.

आणि घासू तर अजिबात नका! आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, काळी पडलीय रे, रूपेरी लाव. देवाची निरांजनं, ताम्हन, अत्तरदाणी यांना ते ठीक आहे, ती वापरातली भांडी. पण या कार्डावर चेहरा एका मिलिमीटरच्या आत मावलेला आहे, पावडरीने घासलं की सगळ्यात उंच भाग आधी झिजतो, म्हणजे नेमकं नाक आणि टोपीची कड. वरचा तो निळसर-करडा थर राहू द्यावा, खाचांमध्ये तो गडद बसतो आणि त्यानेच उठाव जास्त छान दिसतो. आईला खिडकीशी नेऊन दाखवलं तेव्हा ती म्हणाली, हो रे, राहू दे असंच.

विकणार का, हा शेवटचा प्रश्न. चांदी आत्ता चढी आहे तर काढून टाक असं तीन वेगवेगळ्या लोकांनी गेल्या दिवाळीपासून सांगितलंय. वजनावर नाही विकणार, कितीही भाव आला तरी. ज्याला याउंट हवाय त्याला देईन, एखादं जास्तीचं असेल तर. आणि तुमच्या ओळखीत अमेरिकेत कोणाच्या घरी, नाहीतर जुन्या सामानाच्या सेलमध्ये अशी जड पाटी दिसली, तर काट्यावर टाकायच्या आधी खालच्या कडेवरचा नंबर वाचून मला फोटो पाठवा. घ्यायची माझी ऐपत नसली तरी शीटमध्ये नोंद करता येईल.