आधी नाडी, मग स्टेथोस्कोप: बीपी बघायला शिकताना

नर्सिंगच्या पहिल्या वर्षी रक्तदाब मोजण्याचे प्रात्यक्षिक सुरू झाले, तेव्हा आमच्या ट्यूटर मॅडमनी स्टेथोस्कोपला हातच लावू दिला नाही. आधी नुसत्या बोटांनी वरचे बीपी काढून दाखवा, असा त्यांचा आग्रह होता.

दंडाला कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, बांधायचा, मनगटावरच्या नाडीवर बोटे ठेवायची आणि नाडी लागेनाशी होईपर्यंत फुगा दाबत राहायचे. ज्या आकड्याला ती बंद होते, तो लक्षात ठेवायचा. 1896 मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची या डॉक्टरांनी दंडाच्या कफाचे यंत्र मांडले, तेव्हा मोजणी अशी नाडीवरच होत असे आणि खालचा आकडा त्यातून मिळत नसे. 1905 मध्ये रशियाच्या कोरोटकॉफ यांनी कफाखालच्या धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून ऐकण्याची रीत सांगितली आणि दोन्ही आकडे हाती आले.

मग नाडीचा खटाटोप आज कशासाठी, हे मला वॉर्डात काम करताना पटले. उच्च रक्तदाबाच्या काही रुग्णांमध्ये वरचा आवाज सुरू होऊन मध्येच बंद पडतो आणि बऱ्याच खाली पुन्हा ऐकू येतो. कफ अंदाजाने, कमी फुगवला, तर ही दुसरी सुरुवातच वरचे बीपी समजली जाते आणि ज्याला औषधाची गरज आहे तो रुग्ण ठीक म्हणून घरी जातो. नाडी बंद झालेल्या आकड्यापेक्षा 30 मिलिमीटर (हा दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) जास्त दाबापर्यंत कफ फुगवला, की हा धोका टळतो.

त्यानंतर कानाचे काम. कानात घालायची टोके पुढच्या दिशेला वळलेली हवीत, कारण कानाची नळी तशीच जाते. कोपराच्या आतल्या बाजूला धमनी चाचपून तिथे चकती टेकवायची आणि दर सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर इतक्या संथपणे हवा सोडायची. पहिला स्पष्ट ‘टप्’ म्हणजे वरचा आकडा. पुढे आवाज खरखरीत होतो, ठळक होतो, दबतो आणि जिथे पूर्ण थांबतो तो खालचा. पंख्याच्या घरघरीत तो शेवट पकडायला कान तयार व्हावा लागतो. डायलवरच्या खुणा 2 मिलिमीटरच्या असल्याने 138 दिसले तर 138च लिहावे. सोयीसाठी सरसकट 140 लिहिण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही.

रुग्णाची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मिश्री नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, दंड हृदयाच्या पातळीला आणि पाच मिनिटे विश्रांती हवी. ब्लाउजची घट्ट बाही नुसती वर गुंडाळली, तर तीच दंडाला आवळते, म्हणून हात बाहीतून काढून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी पडदा ओढून ‘मावशी, जरा हात मोकळा करू या’ असे म्हणण्याइतका वेळ द्यायलाच हवा. जाड दंडाला लहान कफ बांधला, तर आकडा खोटाच जास्त येतो. आतल्या रबरी पिशवीची रुंदी दंडाच्या घेराच्या सुमारे 40 टक्के हवी.

हल्लीची डिजिटल यंत्रे ठोके ऐकत नाहीत, कफातल्या दाबाची कंपने मोजतात. घरी ती सोयीची आहेत, पण नाडी अनियमित असेल तर त्यांच्या आकड्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, आणि अशा रुग्णाचे बीपी मी आजही कानानेच, एकाहून अधिक वेळा बघते.