हजरतांच्या जामियातला हिफ्जचा वर्ग

स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप अक्कलकुव्याच्या जामियातून, म्हणजे आमच्या धर्मशिक्षण संस्थेतून आला आणि डोळ्यांपुढे हजरतच उभे राहिले. जामियाचे संस्थापक हजरत मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी आता आपल्यात नाहीत. ४ मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. इमारतींविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच.

सुरत जिल्ह्यातल्या कोसाडीत जन्म, तडकेश्वरला फलाह-ए-दारैनमध्ये आणि पुढे सहारनपूरच्या मजाहिर उलूममध्ये शिक्षण. असा आलिम, म्हणजे धर्मपंडित, गुजरातेतच मानाने राहिला असता. पण १९७९ मध्ये त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याचे अक्कलकुवा निवडले. तेव्हा नंदुरबार जिल्हाही नव्हता, धुळ्याचाच तो तालुका. जामियाची सुरुवात सहा विद्यार्थ्यांनी आणि एका शिक्षकाने झाली. पुढे बी.एड., फार्मसी, अभियांत्रिकी आणि बदनापूरजवळ वरुडीला वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. जानेवारी २०११ मध्ये देवबंदच्या दारुल उलूमने त्यांना मोहतमिम, म्हणजे संस्थाप्रमुख, निवडले आणि जुलैत ते पद गेले. जामियाचे काम त्याने तसूभरही थांबले नाही. माझ्या लेखी हजरतांची खरी कमाई मात्र हिफ्जचा, म्हणजे अख्खे कुरआन तोंडपाठ करण्याचा वर्ग.

बाहेरच्यांना वाटते, हिफ्ज म्हणजे घोकंपट्टी. तसे नाही. आधी नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरे व उच्चार शिकवणारे पहिले पुस्तक, कारण जीभ वळल्याशिवाय पाठांतर नाही. आपल्या खानदेशी मुलांच्या तोंडी जाल, जे, जाद आणि जोय ही चारही अरबी अक्षरे एकाच ‘झ’वर येतात, ऐनचा अलिफ होतो. चुकीचा उच्चार पाठ झाला की तो सुटवायला नव्या पाठांतराहून जास्त वेळ लागतो. मग रोजचे तीन हिस्से: सबक म्हणजे आजचे नवे, अर्धे-एक पान, सबकी म्हणजे चालू पाऱ्यातले (कुरआनाच्या तीस भागांपैकी एकातले) मागचे, आणि आमोख्ता, जुन्या पाऱ्यांची उजळणी. घोळ होतो तो आमोख्त्यात. मुलगा सबकाच्या मागे धावतो, पंधराव्या पाऱ्यावर पोचतो आणि पहिले पाच निसटलेले असतात. अशा वेळी उस्ताद सबक बंद करून फक्त आमोख्ता ऐकतात. घरचे नाराज होतात, पण दुसरा इलाज नाही.

जवळजवळ सारख्या दोन आयतींची एक जागा तर प्रत्येक हाफिजाला, म्हणजे कुरआन पाठ असणाऱ्याला, ठाऊक असेल. पहिल्या पाऱ्यात सूरह बकरा, आयत ५८: ‘उद्खुलू’, आधी ‘सुज्जदन’, मग ‘हित्ततुन’. नवव्या पाऱ्यात सूरह आराफ, आयत १६१: ‘उस्कुनू’, आणि क्रम उलटा. मुलगा बकरा म्हणता म्हणता आराफमध्ये शिरतो आणि आठ पारे पुढे निघून जातो. त्याला कळतही नाही. आमचे उस्ताद छडीला हात लावत नसत. दोन्ही पाने शेजारी उघडायला लावून फरकाच्या शब्दांवर बोट ठेवायला सांगत, मग दोन्ही आयती पाठोपाठ म्हणवून घेत. त्या उस्तादांचे ऋण कसे फेडावे?

हल्ली मुले अर्धे किताबातून, अर्धे मोबाइलवरून पाठ करतात, याचे वाईट वाटते. पंधरा ओळींच्या हाफिजी कुरआनात प्रत्येक पान आयतीवरच संपते, एका पाऱ्याची साधारण वीस पाने. शब्दाबरोबर त्याची जागाही स्मरणात बसते: डावे पान, वरून चौथी ओळ. छपाई बदलली की ती जागा हलते, आणि तरावीहमध्ये, म्हणजे रमजानच्या रात्रीच्या नमाजात, रोज सवा पारा ऐकवताना हाफिज नेमका तिथेच अडतो. मागे उभ्या सामेला, म्हणजे ऐकणाऱ्या हाफिजाला, लुकमा द्यावा, अडलेला शब्द सुचवावा लागतो. जामियाने दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाला एकच प्रत द्यावी आणि खत्म, म्हणजे पूर्ण पाठांतर, होईपर्यंत ती बदलू देऊ नये, एवढी विनंती उस्तादांना आहे.